देव्हाऱ्यातला लाल दगड : उलुरूची गोष्ट

आजचा भाग थोडा लांब आहे. लोकलमध्ये खिडकी मिळाली असेल किंवा घरी भांड्यांचा ढीग समोर असेल, तर उत्तम वेळ आहे. आणि जे ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांनी चहा घेऊन बसा.

सुरुवात आमच्या नाशिकच्या घरातून. घरात देव्हारा आहे. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, घंटा, नर्मदेतला एक गोटा, आणि त्या गोट्याशेजारी लिंबाएवढा एक लाल दगड. रोज त्यालाही पाणी, गंध, हळदकुंकू. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच देव्हाऱ्यात असा एक लाल देव असतो. बऱ्याच उशिरा कळलं की हा आमच्या काकांनी ऑस्ट्रेलियातून आणलाय. १९९९ साली कंपनीच्या कामाला सिडनीत गेले होते, तेव्हा सुट्टी काढून उलुरू बघून आले. त्या वेळी सगळे त्याला 'एअर्स रॉक' म्हणायचे. काका वर चढले, माथ्यावर दोन्ही हात पसरून फोटो काढला आणि उतरताना एक खडा खिशात टाकला. घरी आल्यावर आजी म्हणाली, "एवढ्या लांबच्या डोंगरावरून आणलायस, म्हणजे देवच की." झालं. दगड देव्हाऱ्यात गेला. फोटो हॉलमध्ये.

त्या फोटोखाली मी मोठी झाले. कॉलेजात ट्रेकिंगचं वेड लागलं. कळसूबाई, हरिहर, अलंग-मदन-कुलंग, सगळं पायाखाली घातलं. मग २०१८ मध्ये नोकरीसाठी मेलबर्नला आले तेव्हा पहिलं काय ठरवलं असेल? वर जायचं, काकांसारखाच फोटो काढायचा. पण नवीन नोकरी, सुट्ट्या नाहीत, पुढच्या वर्षी बघू. आणि पुढच्या वर्षी, म्हणजे २६ ऑक्टोबर २०१९ पासून, उलुरूवर चढायला कायमची बंदी आली.

खरं सांगते, मला राग आला होता. डोंगर म्हणजे काय कुणाच्या मालकीचा असतो का, असं मी तेव्हा मैत्रिणीला तावातावाने म्हटलंय. आजचा भाग त्या वाक्याबद्दल आहे.

आधी हा खडक आहे काय ते बघू. ऑस्ट्रेलियाच्या जवळजवळ मधोमध, सपाट लाल वाळूत, एकटाच उभा असलेला एक अखंड कातळ. आजूबाजूच्या जमिनीपासून उंची ३४८ मीटर, म्हणजे आयफेल टॉवरपेक्षा थोडा जास्त. समुद्रसपाटीपासून ८६३ मीटर. कळसूबाई १६४६ मीटर, त्यामुळे आकडा ऐकून आपल्याला काही वाटत नाही. पण आपला सह्याद्री म्हणजे रांगेमागे रांग. इथे काहीच नाही आणि मग एकदम हे. आपला काळा बसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. उलुरू वालुकाश्माचा, आणि त्याची वाळू साठायला सुरुवात झाली त्याला सुमारे ५५ कोटी वर्षं झाली. नंतर जमिनीच्या हालचालींत ते आडवे थर कलत कलत जवळजवळ उभे झाले. म्हणून त्याच्या अंगावर वरून खाली रेघा दिसतात. आणि तो आतून करडा आहे बरं का. बाहेरचा लाल रंग म्हणजे लोखंडाचा गंज.

आता इतिहास. या भागात आनांगू लोक राहतात. त्यांच्या भाषा पिचांचाचारा आणि यांकुनिचाचारा. (उच्चार चुकला असेल तर माफी, मी बरीच प्रॅक्टिस केलीय.) हजारो वर्षं हा खडक त्यांच्या जगण्याच्या मध्यभागी आहे. पाणी कुठे, शिकार कुठे, कोणी कोणाशी कसं वागायचं, लग्न कुणात, शिक्षा कशाला, हे सगळं सांगणारी त्यांची जी रीत आहे तिला ते 'चुकुर्पा' म्हणतात. त्यात कथा आहेत, पण नुसत्या गोष्टी नाहीत, कायदा आहे. आणि तो कायदा लिहिलाय कुठे, तर खडकावर. ही भेग म्हणजे अमुक प्रसंग, ती गुहा म्हणजे तमुक. उलुरू हे त्यांचं पुस्तक आहे म्हणा ना.

मग १८७३ चा जुलै. विल्यम गॉस नावाचा इंग्रज सर्व्हेअर उंटांचा तांडा घेऊन इथे पोचला. साउथ ऑस्ट्रेलियाच्या सरकारातले बडे प्रस्थ सर हेन्री एअर्स, त्यांचं नाव त्याने खडकाला देऊन टाकलं. आणि मग तो वर चढला. बाहेरून आलेल्यांपैकी वर चढल्याची नोंद असलेला पहिला माणूस.

फक्त, तो एकटा नव्हता. त्याच्याबरोबर कामरान होता. तांड्यातला 'अफगाण' उंटवाला. अफगाण हा तिकडचा सरसकट शब्द. उंट घेऊन आलेला माणूस पेशावरचा असो, बलुचिस्तानचा असो की सिंधचा, त्यांच्या लेखी तो अफगाण. हे उंट आणि उंटवाले १८६० पासून जहाजांनी ऑस्ट्रेलियात यायला लागले, आणि त्यातले बरेचसे चढले कराची बंदरात. कराची तेव्हा कुठे होतं? मुंबई इलाख्यात! आपल्या नाशिकचा कारभार जिथून चालायचा, त्याच इलाख्यात. ऑस्ट्रेलियाचा मधला भाग ज्यांच्या उंटांवरून 'शोधला' गेला त्यांची नावं शाळेच्या पुस्तकात नसतात, पण ॲडलेडहून डार्विनला जाणाऱ्या गाडीचं नाव आजही 'द घॅन' आहे.

गॉस आणि कामरान अनवाणी चढले. गॉसच्या पायांना फोड आले आणि त्याने रोजनिशीत कामरानच्या टणक पायांचा हेवा केलाय, कारण हा गडी मजेत चालत होता. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपल्याकडच्या गडांवर वाट दाखवणारी गावातली पोरं आठवली. आपण महागडे बूट घालून घसरतोय आणि ती स्लिपर हातात घेऊन पुढे.

यापुढचं मात्र बरं वाटण्यासारखं नाही.

१९२० मध्ये हा सगळा भाग आदिवासींसाठी राखीव म्हणून जाहीर झाला होता. पण राखीव म्हणजे त्यांच्या हातात नव्हे. १९३४ ची गोष्ट ऐका. बिल मॅकिनन नावाचा पोलीस काही आनांगू पुरुषांना एका खुनाच्या प्रकरणात पकडून नेत होता. ते निसटले आणि उलुरूच्या आश्रयाला आले. मॅकिननने त्यांचा माग काढला. खडकाच्या दक्षिणेला मुतिचुलू नावाचं पाण्याचं कुंड आहे, तिथल्या गुहेत लपलेल्या योकुनुना नावाच्या माणसाला त्याने गोळी घातली. तो मेला. पुढच्या वर्षी चौकशी समिती आली. मॅकिननने सांगितलं की मी नेम न धरता गोळी झाडली. समितीने त्याला सोडून दिलं. पुरलेलं प्रेत उकरून हाडं ॲडलेडला नेली. तब्बल ऐंशी-पंचाऐंशी वर्षांनी मार्क मॅकेना या इतिहासकाराला मॅकिननच्या घरच्या कागदांत त्याची मूळ नोंदवही सापडली. त्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की गोळी लागावी म्हणूनच झाडली. आणि योकुनुनाची कवटी? ती म्युझियमच्या संग्रहात निघाली.

त्या दिवशी जे निसटले त्यात पॅडी उलुरू होता. आडनाव ऐकलंत ना? पुढे या खडकाचा मुख्य वारस म्हणून लोक त्याच्याकडे बघत. पण त्या गोळीनंतर तो अनेक वर्षं इकडे फिरकला नाही. म्हणजे खडकाचा वारस परागंदा, आणि त्याच दशकांत पर्यटक हळूहळू यायला लागलेले.

१९५८ मध्ये सरकारने खडक आणि शेजारचा काता चुता हे दोन्ही राखीव भागातून काढून घेतले आणि राष्ट्रीय उद्यान केलं. कारण पर्यटन. मोटेल आली, धावपट्टी आली. १९६४ मध्ये चढाच्या वाटेवर लोखंडी खांब ठोकून साखळी लावली, १९७६ मध्ये ती आणखी लांबवली. कळसूबाईच्या शिड्या आणि साखळ्या डोळ्यांसमोर आणा, तसंच. फरक एवढाच की ही वाट आनांगूंच्या रीतीप्रमाणे माला पूर्वजांची वाट आहे. माला म्हणजे तिकडचा छोटा वॉलबी, सशाएवढा. ते पूर्वज इथे आले तेव्हा विधीसाठी याच बाजूने वर गेले. म्हणजे पर्यटकांची साखळी नेमकी तिथेच.

आणि आनांगूंनी चढणाऱ्या लोकांना नाव काय ठेवलं माहितीये? मिंगा. अर्थ : मुंगी! खालून ती रांग तशीच दिसायची. मिंगा आणि मुंगी, हा निव्वळ योगायोग आहे, त्यावर कुणी सिद्धांत काढू नका प्लीज. पण मला हा शब्द आता विसरता येत नाही. आमच्या हॉलमधल्या फोटोत हात पसरून उभी आहे ती मुंगी.

या वाटेवर किमान ३७ माणसं मेली आहेत. कुणी टोपी उडाली म्हणून मागे धावलं, कुणाला चढताना हार्ट अटॅक. एका मृत्यूची गोष्ट तर सिनेमात खपणार नाही अशी आहे. १९८० मध्ये उलुरूजवळच्या तंबूतून ॲझारिया चेंबरलेन नावाची नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. आई सांगत राहिली की डिंगोने, म्हणजे तिकडच्या रानकुत्र्याने नेलं. कोर्टाने आईलाच खुनी ठरवून जन्मठेप दिली. १९८६ च्या जानेवारीत एक इंग्लिश पर्यटक उलुरूवरून पडून मेला, आणि त्याचे अवशेष शोधताना डिंगोच्या बिळांजवळ त्या बाळाचं जॅकेट सापडलं. आईची सुटका झाली. डिंगोनेच नेलं हे अधिकृतपणे मान्य व्हायला मात्र २०१२ उजाडलं.

बरं, परत मालकीकडे. १९८३ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी जाहीर केलं की जमीन आनांगूंना परत देऊ, आणि त्या आश्वासनांत चढाई बंद करणंही होतं. २६ ऑक्टोबर १९८५ ला खडकाच्या पायथ्याशी समारंभ झाला. गव्हर्नर जनरलनी मालकीचा कागद आनांगूंच्या हातात दिला, आणि लगेच, त्याच समारंभात, आनांगूंनी ती जमीन ९९ वर्षांच्या भाडेकराराने सरकारला परत दिली. अट होती ती. आणि चढाई बंद करण्याचं आश्वासन? गुपचूप गळालं. वरून एक छोटं विमान फलक ओढत फिरत होतं की हा खडक सगळ्या ऑस्ट्रेलियनांचा आहे.

म्हणजे तावातावाने मी जे बोलले होते, तेच वाक्य. मला वाटत होतं माझा मुद्दा नवीन आहे.

मालकी मिळाली पण नाही म्हणायची सोय नाही, मग आनांगूंनी काय केलं? विनंती केली. चढाच्या पायथ्याशी पाटी लावली की आम्ही चढत नाही, तुम्हीही चढू नका. पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी यजमानावर असते, इथे कुणी मेलं की आम्हाला दुःख होतं, असंही सांगितलं. आणि पाटीच्या शेजारी साखळी तशीच होती. १९९० च्या दशकात येणाऱ्यांपैकी साधारण ७४ टक्के लोक पाटी वाचून वर जात होते. आमचे काकाही त्यातलेच. मी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही पाटी वाचली होती?" ते म्हणाले, "अगं, वाचली. पण सगळेच चढत होते."

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९४० च्या दशकात काही आनांगू पुरुष स्वतः पर्यटकांना वर घेऊन गेल्याची जुनी चित्रफीत आहे, आणि बंदीच्या विरोधातले लोक ती दाखवतात. बघा, तेव्हा चालत होतं! माझं म्हणणं, ज्या काळात तुमच्या माणसाला गुहेत गोळी घातली जाते आणि घालणारा सुटतो, त्या काळात तुम्ही गोऱ्या पाहुण्याला किती वेळा नाही म्हणाल? हे माझं मत आहे. पुरावा नाही.

२०१० मध्ये उद्यानाच्या आराखड्यात ठरलं की चढणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांखाली गेलं तर वाट बंद करता येईल. २०१५ मध्ये ते सुमारे १६ टक्के होतं. पंचवीसेक वर्षं नुसती विनंती करून, बरं का! १ नोव्हेंबर २०१७ ला उद्यानाच्या मंडळाने, ज्यात १२ पैकी ८ जण आनांगू आहेत, एकमताने बंदीचा निर्णय घेतला. अंमलबजावणीची तारीख मुद्दाम २६ ऑक्टोबर ठेवली, जमीन परत मिळाल्याचा दिवस. आणि मग शेवटची संधी म्हणून लोकांची झुंबड. शेवटच्या सकाळी जोराच्या वाऱ्यामुळे वाट उघडेना, तरी शेकडो माणसं रांगेत. मुंग्या.

मी तिथे पोचले २०२२ च्या जुलैमध्ये. तिकडचा हिवाळा, पहाटे बोटं गोठतात. वर जायचं नाहीच, तर बघू तरी म्हणून गेले होते. तुम्ही माला पार्किंगला उतरता तेव्हा समोरच ती जुनी वाट आहे. साखळी आणि खांब बंदीनंतर काढून टाकलेत. पण रेघ राहिलीय. लाखो बुटांनी घासून गंज गेला, आणि लाल खडकावर पांढुरकी पट्टी सरळ वर गेलेली दिसते. मी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. चढायची इच्छा झाली का? झाली. पाय शिवशिवले. खोटं कशाला बोलू.

मग खालून फेरी मारली. पूर्ण वळसा १० किलोमीटरच्या जरा वर आहे. माला पार्किंगपासून घड्याळाच्या दिशेने जा, असं उद्यानवाले सुचवतात. त्यांचा हिशेब उन्हाचा आणि गर्दीचा असणार. पण मी नाशिकची. दहाएक मिनिटं चालल्यावर लक्षात आलं की खडक माझ्या उजव्या हाताला आहे. आणि एकदम त्र्यंबकेश्वर आठवलं. तिसऱ्या श्रावणी सोमवारी आम्ही ब्रह्मगिरीची फेरी करायचो, पावसात, चिखलात, आजीसुद्धा. डोंगर उजव्या हाताला ठेवून. ब्रह्मगिरीवर चढताही येतं, पायऱ्या आहेत. पण आजी आयुष्यात कधी वर गेली नाही. ती फेरीच करायची, आणि तिला त्यात काही राहून गेलंय असं वाटल्याचं मला आठवत नाही. मी मात्र इतकी वर्षं धरून चालले होते की देव वर असतो आणि आपण चढायचं असतं. कळसूबाईचं देऊळ माथ्यावरच आहे ना.

फेरीत मध्ये मध्ये पाट्या येतात की इथून पुढे फोटो काढू नका. त्या जागांची माहिती ठरावीक पुरुषांनी किंवा ठरावीक बायकांनीच, ठरावीक ठिकाणीच बघायची असते. फोटो निघाला तर ती जागा कुणाच्याही फोनमध्ये जाते. फोन खिशात ठेवून चालले. एका ठिकाणी कातळात लाटेसारखी खोबण आहे. ती कशी दिसते ते तुम्हाला सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला आणि रेकॉर्डिंगमधून काढून टाकला. फोटो नाही तर वर्णन, ही पळवाटच झाली.

मुतिचुलू कुंडाशी पोचले तेव्हा दुपार झाली होती. झाडं आहेत, सावली आहे, कातळाच्या पायाशी थोडंसं काळं पाणी. अशा मुलखात पाण्याची जागा म्हणजे काय ते आपल्या टाक्यांवर तहान भागवलेल्या कुणालाही सांगायला नको. हीच ती जागा. योकुनुनाबद्दल मी तिथे जाण्याआधी वाचलं होतं, त्यामुळे बसवलं नाही फार वेळ. पाण्यात हात घालायचा नाही. वर माणसं चढायची तेव्हा माथ्यावर शौचालय नव्हतं, आणि पाऊस आला की सगळी घाण या कुंडांमध्ये उतरायची. हे कुणी सहसा सांगत नाही, पण बंदीमागे हेही होतं.

आणि मग उद्यानाच्या सांस्कृतिक केंद्रात मला ते कळलं, ज्याने माझा पुढचा सगळा प्रवास खराब केला. लोक इथून नेलेले दगड पोस्टाने परत पाठवतात! जगभरातून. सोबत माफीची पत्रं. त्यांना 'सॉरी रॉक्स' म्हणतात. कुणी लिहितं आमच्यामागे साडेसाती लागली, कुणी लिहितं वडील वारले, त्यांच्या सामानात सापडला. कुठला दगड नेमका कुठून उचलला ते कळत नाही, त्यामुळे तो मूळ जागी जातही नाही. तरी लोक पाठवतात.

मला लिंबाएवढा दगड आठवला, हळदकुंकू लावलेला.

परत आल्यावर घरी व्हिडिओ कॉल केला. काका, काकू दोघंही होते. सगळं सांगितलं. गॉस, कामरान, गोळी, पाटी. काका आधी हसले, मग गप्प झाले. काकूंना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, सासूबाईंनी देव म्हणून ठेवलाय, तेवीस वर्षं पूजा झालीय, तो आता आपल्या घरचा आहे, परत पाठवणं म्हणजे घरातला देव बाहेर काढणं. आणि खरं सांगू, मला उत्तर देता आलं नाही. त्या दगडाची एवढी काळजी त्याला उचलणाऱ्या कुठल्याच पर्यटकाने घेतली नसेल. पण तो आपला नाहीये, हेही तितकंच खरं आहे.

महिनाभर हा विषय घरात चालला. फोनवर वाद झाले, एकदा काकू रडल्यासुद्धा. फोटो काकांनी स्वतःच भिंतीवरून काढला, काही न बोलता. दगडाचं ठरेना. मग गेल्या गणपतीत, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, काकूंचाच मेसेज आला. दगड ताम्हनात ठेवलेला फोटो, दहीभाताचा नैवेद्य, आणि खाली प्रश्न : "ऑस्ट्रेलियाच्या कस्टमवाल्यांना चालणार नसेल तर हळदकुंकू धुऊन पाठवते. पण त्या लोकांना विचार, तसंच ठेवलं तर चालेल का?"

मी उद्यानाला ईमेल लिहिलाय. उत्तर आलं की सांगेन.

पुढच्या भागात कामरान आणि त्याच्यासारखे उंटवाले, कराचीहून ऑस्ट्रेलियापर्यंत. तोपर्यंत काळजी घ्या.